पस्तीस किलो आणि एक वाट

गेल्या दिवाळीत चार दिवस माजलगावला होतो. पुण्याहून रात्रीची एसटी, पहाटे स्टँडवरचा चहा आणि मग काकांच्या मोटारसायकलवर मागे बसून गाव. वाटेत एका वावरात वीसेक हरणं उभी होती. दोन काळे नर, बाकी माद्या आणि पिल्लं. मी घाईघाईने मोबाइल काढला, तेवढ्यात काकांनी हॉर्न दाबून धरला आणि एक सणसणीत शिवी हासडली. कळप उड्या मारत पसार.

"तुझा फोटो व्हतो, आमचा हरभरा जातो," काका म्हणाले. मुद्दा बिनतोड होता. :)

घरी आल्यावर आबांना सांगितलं. आबा म्हणजे माझे आजोबा, वय पंच्याहत्तरच्या पुढे. ओट्यावर बसून सुपारी कातरता कातरता म्हणाले, "आता ही आपल्या वावरात यिऊन खातेत. तवा आपण ह्यांला खायचोत."

मी उडालोच. आमच्या घरात हरणाचं मटण? कोण आणायचं?

"पारधी आणायचा. मालावरून, पाठीवर. चालत." एवढं बोलून आबा गप्प झाले. काहीतरी अडलं होतं, पण तेव्हा विचारायचं सुचलं नाही.

माझ्या डोक्यात मात्र 'चालत' हा शब्द राहिला. शिकारकथा आपण सगळ्यांनीच वाचल्यात. माग काढला, वारा बघितला, नेम धरला, जनावर पडलं. कथा तिथे संपते. पण त्यानंतरचं काय? जनावर पडलं ते रानात, चूल आहे गावात, आणि मधे आठ-दहा मैल. ते अंतर कोणी आणि कसं कापलं, हे कोणी लिहितच नाही. पुण्यात परत आल्यावर दोन-तीन वीकेंड मी याच एका प्रश्नामागे घालवले.

आधी हिशोब करू. (इंजिनियर माणूस, दुसरं काय करणार!) आमच्याकडचं 'हरीण' म्हणजे बहुतेक वेळा काळवीट. शास्त्राप्रमाणे ते हरीण नव्हे, कुरंग. त्याची शिंगं दरवर्षी गळून पडत नाहीत. पण गावात सगळी हरणंच. पूर्ण वाढलेला नर साधारण पस्तीस-चाळीस किलोंचा. आतडी-कोथळा जागेवरच काढला तर वजन बरंच उतरतं. रवंथ करणारं जनावर, त्यामुळे पोटात चाऱ्याचंच मोठं ओझं असतं. मुंडकं, खूर, कातडं वजा केलं तर हाडांसकट मटण अठरा-वीस किलो धरा. मी हरिश्चंद्रगडावर बारा किलोंची सॅक नेली होती तेव्हा दुसऱ्या दिवशी ऑफिसात जिना चढता येत नव्हता. ती सॅक पॅडवाली होती, आणि तिच्यातून रक्त गळत नव्हतं.

वजनापेक्षा मोठी अडचण उन्हाची. बीड जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. मारलेल्या जनावराच्या अंगातली ऊब लवकर जात नाही, आणि अशा उबेत जंतू वीस-वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. म्हणून कोथळा लगेच काढायचा, मटण पाल्यात गुंडाळायचं आणि चालायचं ते रात्री, ऊन वर यायच्या आत. फार लांब जायचं असेल तर दुसरा उपाय म्हणजे वाळवण. मटणात जवळजवळ पाऊण भाग पाणीच असतं. पातळ पट्ट्या कापून, मीठ लावून कडक वाळवल्या की चार किलोंचे सव्वा-दीड किलो होतात. मराठवाड्यात गुराच्या मांसाच्या अशा पट्ट्यांना 'चान्या' म्हणतात. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकामुळे हा शब्द शहरातल्या वाचकांपर्यंत पोचला. माझ्या भाषेत सांगायचं तर ती मटणाची झिप फाइल. वाहायला हलकी, टिकायला पक्की, आणि पाणी घातलं की पुन्हा उघडते.

आता थोडं मागे जाऊ. थोडं म्हणजे तीन हजार वर्षं.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी तिथे वर्षानुवर्षं उत्खननं केली. सांकलिया, धवलीकर, अन्सारी अशी मोठी माणसं त्यात होती. ताम्रपाषाण काळातलं हे शेतकऱ्यांचं गाव. धवलीकरांनी असं मांडलं की इसवी सनापूर्वी हजारच्या सुमारास हवामान कोरडं झालं, शेती ढासळली आणि लोक शेळ्यामेंढ्यांवर आणि शिकारीवर जास्त अवलंबून राहू लागले. म्हणजे पाऊस हुकला की रानाकडे बघायचं, ही आपल्याकडची फार जुनी रीत.

पुरातत्त्वात हाडं मोजण्याला मोठं महत्त्व असतं. त्यात एक भन्नाट कल्पना आहे, 'श्लेप इफेक्ट'. श्लेप म्हणजे ओढत, फरपटत नेणं. १९६८ मध्ये पर्किन्स आणि डेली या दोन संशोधकांनी तुर्कस्तानातल्या सुबेर्दे या जागेची हाडं तपासली. रानमेंढ्यांची सगळी हाडं वस्तीत सापडत होती. रानगाईंच्या मात्र पायाच्या खुरांकडची हाडं भरपूर आणि मांड्यांची हाडं फारच कमी. असं का? त्यांचं उत्तर असं की मेंढी खांद्यावर टाकून अख्खी आणता येते. गाय येत नाही. तिला पडल्या जागीच फाडायचं, मांड्यांची जड हाडं तिथेच टाकायची आणि मांस तिच्याच कातड्यात बांधून ओढत आणायचं. खूर कातड्याला तसेच ठेवायचे, मुठी म्हणून! पुढे या अर्थावर वाद झाले. पण मुद्दा लक्षात घ्या. हजारो वर्षांपूर्वीच्या हमालीचा पुरावा हाडांत राहिला. मारणाऱ्याचं नाव राहिलं नाही, खाणाऱ्याचं राहिलं नाही, वाहणाऱ्याचे कष्ट तेवढे शिल्लक राहिले.

या हिशोबात काळवीट मेंढीच्या बाजूला पडतं. एका माणसाने खांद्यावर टाकून आणावं एवढंच त्याचं माप. सांबरासारखं दोनशे किलोंचं धूड असेल तर चार माणसं आणि दोन खेपा लागतात. मालावरच्या एकट्या शिकाऱ्याला काळवीट बरोबर बेतलेलं.

लिखाण सुरू झालं तसा हा खांदा दिसेनासा होतो. अशोकाच्या गिरनारच्या शिलालेखात राजाच्या मुदपाकखान्याचा हिशोब आहे. पूर्वी रोज लाखो प्राणी मारले जात, आता फक्त दोन मोर आणि एक हरीण, आणि ते हरीणही नेहमी नाही. म्हणजे अहिंसेची एवढी मोठी घोषणा करतानाही एक हरीण सुटलं नाही. ते रानातून कोण आणत होतं, ते काही लेखात नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने 'मानसोल्लास' लिहिला. आपला मराठवाडा तेव्हा त्याच्याच राज्यात होता. त्यात हरणांच्या शिकारीचे प्रकार आहेत, मांस रांधायच्या कृती आहेत. पुढे कोल्हापूरच्या दरबारात चित्ते पाळून काळविटांची शिकार चाले. चित्ता बैलगाडीतून नेत, कारण बैलगाडीला काळवीट बिचकत नसे. शिकारीला जातानाच गाडी सोबत, म्हणजे राजेलोकांना ओझ्याचा प्रश्नच नव्हता.

गंमत म्हणजे धर्मशास्त्रालाही काळवीट लागतं. काळवीट जिथे आपसूक वावरतं तो देश यज्ञाला योग्य, असं मनुस्मृती सांगते. या मापाने काकांचं हरभऱ्याचं वावर म्हणजे पुण्यभूमीच. मुंजीत बटूच्या जानव्याला हरणाच्या कातड्याचा तुकडा, अजिन, बांधायची रीत आहे. ते कातडं सोलून, रानातून चालत आणणाऱ्याला मात्र मांडवात जागा असण्याचा प्रश्नच नव्हता.

हे आणणारे कोण? आपल्या मालरानात बरेचदा फासेपारधी. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात त्यांच्या शिकारीचं वर्णन आहे. लांब दोरीला ओळीने फास बांधायचे, ते कळपाच्या वाटेवर जमिनीलगत लावायचे आणि जनावरांना हळूहळू तिकडे वळवायचं. शिकवलेला बैल पुढे घालून त्याच्या आडोशाने कळपाजवळ जायचं. बंदूक नाही, घोडा नाही. कळपाच्या सवयी आणि स्वतःचे पाय, एवढंच भांडवल.

आणि नेमकं ते चालणंच गुन्हा ठरलं. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आणला आणि १९११ नंतर तो सगळ्या ब्रिटिश मुलखात लावता येऊ लागला. यादीतल्या जमातीत जन्मलात की गुन्हेगार. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय ठरलेली जागा सोडायची नाही. सोलापूरला तर अशा लोकांसाठी तारेच्या कुंपणातली 'सेटलमेंट'च होती. आमचं माजलगाव तेव्हा निजामाच्या राज्यात, सप्टेंबर १९४८ पर्यंत. राज्य वेगळं असलं तरी पारध्याकडे बघायची नजर काही वेगळी नव्हती. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला. नजर रद्द करायला कुठलाच कायदा पुरला नाही.

त्यानंतर आलं १९७२. आमच्याकडे बहात्तर म्हटलं की दुष्काळ. खडी फोडायची कामं, सुकडी, बाजारात मातीमोल गेलेली जनावरं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि काळवीट पहिल्या अनुसूचीत गेलं. हा कायदा हवाच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. चित्ता आपण तोवर संपवलाच होता. १९८० मध्ये कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांसाठी अभयारण्य झालं. आज वावरात कळप दिसतो तो याच कायद्यामुळे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार दंड आहे. फक्त एवढंच, की ज्यांनी गाड्या आणि बंदुका घेऊन शेकड्याने काळविटं मारली त्यांचे फोटो राजवाड्यात फ्रेममध्ये राहिले, आणि पाठीवरून एक हरीण नेणारा पोलिसांच्या रजिस्टरात गेला.

हे सगळं वाचून झाल्यावर संक्रांतीला परत गावी गेलो. या वेळी आबांना सरळ विचारलं, तेव्हा गप्प का झालात?

आबांनी बराच वेळ घेतला. मग सांगितलं.

साल चौऱ्याहत्तर. माझ्या वडलांचं जावळ काढायचं होतं. जेवणाला बोकड पाहिजे, पण दुष्काळात घरची सगळी शेरडं विकलेली. आबांनी ओळखीच्या पारध्याला सांगितलं, आगाऊ दोन पायल्या ज्वारी दिली. तो रात्री मालावरून निघाला, पहाटे सिंदफणा ओलांडताना पकडला गेला. पाठीवर पळसाच्या पानांत बांधलेलं मटण होतं. सकाळी गावात बातमी आली. मटण कुणासाठी होतं, हे निम्म्या गावाला ठाऊक होतं. कुणीच बोललं नाही.

"तुम्ही गेलात?" मी विचारलं.

"न्हाई."

"त्याने तुमचं नाव सांगितलं?"

"सांगितलं असतं तर मी हितं बसलो असतो व्हय?" आबा म्हणाले. "आणणारा चोर, खाणारे समदे साव." मग जरा थांबून म्हणाले, "सुटून आल्यावर त्याची बायको ज्वारी परत द्यायला आली व्हती. दोन्ही पायल्या. म्या घेतली."

मला वाटतं, पन्नास वर्षं आबांना अटकेपेक्षा ती परत घेतलेली ज्वारी जास्त टोचत असावी. मी काही बोललो नाही. मला काय हक्क? त्या जावळाच्या जेवणाला गोडाचा शिरा झाला, आणि त्याच घरात पुढे मी जन्मलो, शिकलो, इंजिनियर झालो.

दुसऱ्या दिवशी पहाटे एक बावळटपणा केला. ट्रेकच्या सॅकमध्ये मोजून अठरा किलो ज्वारी भरली आणि आबांनी दाखवलेल्या दिशेने निघालो. दीड-दोन किलोमीटरवर खांदे बधिर झाले, सॅकचे पट्टे असूनही. तीनदा बसलो. पुढे चालायचं म्हटलं तरी वाट नव्हती. सिंदफणेवर माजलगावचं धरण झालं, १९८७ च्या सुमारास पूर्ण. ती नदी उतरायची वाट आता पाण्याखाली आहे.

काठावर ओल्या मातीत हरणांचे खूर उमटलेले होते. पाणी पिऊन गेली असणार.

परत येऊन सॅक ओट्यावर ठेवली. आबांनी उचलून बघायचा प्रयत्न केला, उचलली नाही. "किती हाय?" त्यांनी विचारलं.

"अठरा किलो."

"दोन पायल्यांपरीस लई जास्त हाय," आबा म्हणाले आणि सुपारी कातरायला लागले.