प्रयोगशाळेकडून गावाकडे : मानसशास्त्राच्या पदवी विद्यार्थ्यांची आंतरवासिता आणि झरी जामणी

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने माणसांमध्ये केव्हा व कोणत्या नात्याने जावे, हा प्रश्न वरवर पाहता अध्यापनपद्धतीचा वाटतो. वास्तविक त्यास एक इतिहास आहे, आणि तो ध्यानात न घेता आज जी व्यवस्था उभी केली जात आहे तिचे मोल ठरविता येणार नाही. महाराष्ट्र शासनाने नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२३ साली पदवी अभ्यासक्रमाची जी चौकट आखून दिली, तीत सहाव्या सत्रात ४ श्रेयांकांचे प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण ठेवले आहे. एका श्रेयांकास ३० तास, या हिशेबाने हे काम १२० तासांचे होते. नागपूर, पुणे वा मुंबई येथील विद्यार्थ्यास रुग्णालय, शाळा अथवा समुपदेशन केंद्र सापडू शकते. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकास असलेल्या झरी जामणी तालुक्यातील विद्यार्थ्याने मात्र कोठे जावे? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार करावयाचा आहे.

आधुनिक मानसशास्त्राचा जन्म प्रयोगशाळेत झाला. व्हुंट यांनी १८७९ साली लाइपझिग येथे प्रयोगशाळा स्थापिली. भारतात कलकत्ता विद्यापीठाने १९१६ साली प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग उघडला, आणि त्याची धुरा नरेंद्रनाथ सेनगुप्त यांजकडे आली. सेनगुप्तांचे शिक्षण हार्वर्ड येथे म्युन्स्टरबर्ग यांच्या हाताखाली झाले होते. साहजिकच आपल्याकडे ‘प्रात्यक्षिक’ या शब्दाचा अर्थ उपकरणे, प्रतिक्रियाकाल, स्मृती व अवधान यांची मोजणी असा रूढ झाला. या प्रात्यक्षिकात वर्गबंधूच प्रयुक्त होत असे. अनोळखी माणसाशी गाठ पडत नसे. या शिस्तीने निरीक्षणाची सवय लावली, हे तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे; परंतु दुःखात असलेल्या माणसासमोर कसे बसावे, हे तिने शिकविले नाही.

दुसरी परंपरा तितकीच जुनी आहे. लाइटनर विटमर यांनी १८९६ साली पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात मानसशास्त्रीय चिकित्सालय काढले आणि तेथील कामातूनच विद्यार्थी घडविण्याचा आग्रह धरला. मुंबईत क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघाले. लगेच १९३७ साली त्याच्या आश्रयाने बालमार्गदर्शन केंद्र सुरू झाले. येथे विद्यार्थी प्रत्यक्ष कुटुंबांत जात, टिपणे ठेवीत व अनुभवी कार्यकर्त्यापुढे ती मांडीत. तथापि हे विद्यार्थी समाजकार्याचे, आणि तेही पदवी घेऊन आलेले होते. म्हणजे क्षेत्रकार्याची पद्धत महाराष्ट्रात आली खरी, पण मानसशास्त्राच्या पदवी वर्गाच्या उंबरठ्याबाहेरच राहिली. १९६९ साली ३७ विद्यापीठांत सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेने पदवीच्या विद्यार्थ्यास खेड्यात नेले. मात्र ते श्रमदानाकरिता, विषयाच्या अभ्यासाकरिता नव्हे.

या पार्श्वभूमीवर झरी जामणीकडे पाहावे. वणी, मारेगाव व केळापूर या तालुक्यांना लागून, तेलंगणातील आदिलाबादच्या सीमेवर हा तालुका वसलेला आहे. कापूस हे येथील मुख्य पीक. लोकवस्तीत कोलाम व गोंड यांचे प्रमाण लक्षणीय आहे. विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी देश हादरला तेव्हा, २००६ साली, केंद्र सरकारने यवतमाळसह ६ जिल्ह्यांकरिता विशेष योजना जाहीर केली. तिचा भर कर्ज, सिंचन व बियाणे यांवर होता. शेतकऱ्याच्या मनःस्थितीची दखल राज्याच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पाने २०१५ साली घेतली. सारांश, मनाचा प्रश्न शासनाच्या लक्षात उशिरा आला. विद्यापीठांच्या तर त्याहूनही उशिरा.

येथे भाषेचा मुद्दा येतो. कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा आहे. एमेनो यांनी वर्धेकडील बोलीच्या आधारे तिचे व्याकरण १९५५ साली प्रसिद्ध केले, म्हणजे भाषाशास्त्राने या समाजाची भाषा पुष्कळ आधी ऐकली. मानसशास्त्राचा विद्यार्थी मात्र शहरी नमुन्यावर बेतलेली मराठी प्रश्नावली घेऊन पोडावर गेला, तर त्याच्या हाती पडणारी उत्तरे कोलामांच्या मनाची नसून त्यांच्या मराठीची असतील. विषण्णतेसाठी लोक कोणता शब्द वापरतात, ती शरीराच्या कोणत्या तक्रारीतून बोलतात, याची नोंद करणे हेच पहिले शास्त्रीय काम होय. आणि तालुक्यातील कोलामी बोलणारा विद्यार्थी ते बाहेरच्या पदव्युत्तर अभ्यासकापेक्षा अधिक चांगले करू शकेल.

याहून गंभीर प्रश्न मर्यादेचा आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ या उपक्रमाने गावपातळीवरील कार्यकर्त्यांना शिकवून नैराश्यग्रस्तांपर्यंत मदत पोहोचविली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, उपचार घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. यावरून कोणीही अर्धशिक्षित तरुण समुपदेशन करू शकतो, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. त्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण होते, देखरेख होती आणि कठीण रुग्ण मनोविकारतज्ज्ञाकडे पाठविण्याची वाट होती. १२० तासांच्या विद्यार्थ्याजवळ यांपैकी काहीच नसते. शिवाय चिकित्सक मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यास १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमाखालील नोंदणी लागते, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाच्या कलम २३ ने रुग्णास गोपनीयतेचा हक्क दिला आहे. लहान गावात नाव गाळले तरी माणूस ओळखू येतो. तेव्हा विद्यार्थ्याची वहीसुद्धा कोणाचे अहित करू शकते.

म्हणून विद्यार्थ्याचे काम सहायकाचे असावे. आशा कार्यकर्ती, प्राथमिक आरोग्य केंद्र, आश्रमशाळा यांच्या सोबतीने त्याने पाहावे, ऐकावे, शब्दांचा संग्रह करावा, आणि धोक्याची चिन्हे दिसताच योग्य ठिकाणी कळवावे. दर आठवड्यास अध्यापकाने त्याची टिपणे तपासावीत. कारण १९३७ च्या मुंबईतील केंद्राचा खरा वारसा इमारतीत नसून या तपासणीत आहे. अध्यापक यवतमाळ वा अमरावतीहून पोहोचू शकत नसेल, तर विद्यार्थ्यास तेथे धाडू नये. प्रयोगशाळेने आपणांस अचूकता शिकविली आहे. ती अचूकता पोडावर नेता आली तरच या ४ श्रेयांकांस अर्थ राहील. अन्यथा प्रमाणपत्र विद्यार्थ्यास मिळेल आणि भुर्दंड गावास बसेल.