समुद्राचे पाहुणे

मुंबईकरांना समुद्रांतले मासे काचेमागें निवांतपणें पाहावयास मिळावे म्हणून १९५१ सालीं मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडण्यांत आलें. तेथून परत फिरतांना, असा एखादा मासा आपल्या दिवाणखान्यांत असावा, असें कोणाच्या मनांत आलें नसेल? परंतु मत्स्यालयाच्या दाराशीं समुद्र होता. घराला तो नसतो. गोड्या पाण्यांतल्या माशाला पावसाळ्या-उन्हाळ्यागणिक पालटणाऱ्या पाण्याची संवय असते. प्रवाळाच्या खडकांत वाढणाऱ्या माशाचें तसें नाहीं. तेथील पाण्याचा खारटपणा वर्षानुवर्षें फारसा ढळत नाहीं. अशा स्थिर जगांतला जीव काचेच्या पेटींत आणून सोडला तर तो जगावा कसा, या प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत माणसांच्या अनेक पिढ्या गेल्या आहेत.

१८४६ सालीं ॲना थिन या इंग्रज बाईंनीं टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला नेले. वाटेंत ते हिंदकळून दुखावूं नयेत म्हणून त्यांनीं ते सुईदोऱ्यानें एका मोठ्या स्पंजावर टांकून बसविले होते. लंडनला रोज ताजें समुद्रजल कोठून मिळणार? म्हणून तेंच पाणी उघड्या खिडकीपाशीं या भांड्यांतून त्या भांड्यांत पुनःपुन्हां ओतून खेळतें ठेवण्याचें काम त्यांनीं मोलकरणीकडे सोंपविलें. पुढील वर्षीं त्यांनीं पाण्यांत समुद्रवनस्पतींची जोड दिली. ते प्रवाळ सुमारें तीन वर्षें जगले आणि त्यांची संख्याही वाढली.

यामागचें शास्त्र रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञानें मांडलें. १८५० सालीं त्यानें दाखवून दिलें कीं, मासे, पाणवनस्पति व गोगलगायी एकत्र ठेविल्यास पाणी न बदलतांही पुष्कळ काळ निर्मळ राहतें. वनस्पति माशाला प्राणवायु पुरवितात, आणि त्यांचीं कुजकीं पानें गोगलगायी फस्त करितात. १८५३ च्या मे महिन्यांत लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें. दुसऱ्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस याचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. घरच्या घरीं क्षार मिसळून समुद्रजल बनविण्याची कृतिही त्यानेंच लोकांना दिली. काचेवरील कर १८४५ सालीं उठला होता; त्यामुळें पेट्या स्वस्त झाल्या, आणि सुखवस्तु घरांतून या छंदाची एकच लाट उसळली.

तथापि पुष्कळ घरांत मासे कांहीं दिवसांतच मरत. वॉरिंग्टनचा नियम खोटा नव्हता, पण अपुरा होता. विल्यम ऑल्फर्ड लॉइड यानें त्यापुढचें पाऊल टाकिलें. १८७१ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें मत्स्यालय उभारतांना त्यानें दिसणाऱ्या पेट्यांहून कित्येक पट पाणी जमिनीखालच्या अंधाऱ्या हौदांत ठेविलें, आणि तेंच पाणी यंत्रानें अखंड फिरतें राखिलें. अशानें पाणी जुनें होऊनही नासत नाहीं, हें त्यास अनुभवानें ठाऊक होतें. त्याचें एक मोठें कारण मात्र निराळ्याच संशोधनांतून पुढें आलें. १८७७ सालीं फ्रान्समध्यें श्लेसिंग व म्युंत्स यांनीं सांडपाणी वाळूंतून झिरपवून सिद्ध केलें कीं, अमोनियाचें नायट्रेट होतें तें सूक्ष्म जंतूंमुळें. माशाच्या शरीरांतून सुटणारा अमोनिया हें त्याला जहरच. तें जहर पचविणारे जंतु वाळूवर व दगडांवर वस्ती करितात, आणि ती वस्ती जमण्यास कित्येक आठवडे लागतात. म्हणून आधीं पाणी मुरवावयाचें, मग पाहुण्यास बोलवावयाचें, हा या विद्येचा पहिला धडा होय.

दुसरा धडा पाहुण्याच्या आगमनाचा. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बंद होऊन दूरदेशींचे मासे विमानानें येऊं लागले. बंद पिशवींत माशाच्या उच्छ्वासाचा कर्बाम्लवायु सांचून पाणी आम्लतेकडे झुकतें. त्यामुळें सांचलेला अमोनिया बहुतांशीं निरुपद्रवी रूपांत राहतो. पिशवी उघडतांच तो वायु निसटतो, आणि दबलेलें जहर जागें होतें. लांबच्या प्रवासानंतर उघड्या पिशवींत तासन्‌तास थेंबथेंब नवें पाणी सोडीत बसणें हा म्हणूनच दयाळूपणा नव्हे. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटें पेटींत तरंगूं द्यावी, म्हणजे दोन्ही पाण्यांची उष्णता सारखी होते. वेगळ्या पेटींतील पाण्याचा खारटपणा पिशवींतल्या पाण्याइतका करून ठेवावा, आणि पिशवी उघडल्यावर मासा विनाविलंब तेथें सोडावा. समुद्रांतील माशाच्या शरीररसाहून समुद्र अधिक खारट असतो. म्हणून तो सारखें पाणी पितो आणि जास्तीचें मीठ कल्ल्यांवाटें बाहेर टाकितो. हा व्यवहार एकाएकीं बिघडूं नये म्हणून खारटपणा पुढें हळूहळूच बदलावा. अंगावर पांढरे ठिपके उठविणारा सूक्ष्म परोपजीवी या माशांबरोबर येतो. यास्तव महिनाभर तरी पाहुण्यास निराळें राखणें श्रेयस्कर.

तिसरा धडा मात्र समुद्राच्या बाजूचा आहे. गॉसच्या ग्रंथांनीं लोकांना किनाऱ्याकडे नेलें, आणि त्यांनीं खडकांतलीं डबकीं ओरबाडून रिकामीं केलीं. बापाच्या हयातींतच झालेल्या या नाशाबद्दल मुलगा एडमंड गॉस यानें १९०७ सालच्या आपल्या आत्मचरित्रपर ग्रंथांत खेद व्यक्त केला आहे. तरी पुढें १९६० नंतरच्या दशकांत फिलिपीन्समध्यें मासे गुंगवून पकडण्यासाठीं प्रवाळांवर सायनाइड फवारण्याची प्रथा पडली. असा मासा बाजारांत ताजातवाना दिसला तरी घरीं आणल्यावर पुष्कळदां दगावतो. आणि ज्यानें तो जिवापाड जपला, त्यालाही त्याचें कारण कळत नाहीं. भारतानें २००१ सालीं कठीण प्रवाळ व समुद्रघोडे यांना वन्यजीव कायद्याचें संरक्षण दिलें.

पाहुण्याचें आतिथ्य तो दारांत आल्यावर सुरू होतें, असा आपला समज असतो. समुद्राच्या पाहुण्याचें तसें नाहीं. तो कोठून व कसा आणिला, हें विचारण्यापासून त्याचा प्रारंभ होतो. ज्या घरीं हा प्रश्न विचारला जातो आणि पाणी मुरेपर्यंत थांबण्याचा धीर असतो, त्या घरीं तो जगण्याचा संभव आहे.