ओझ्याची कमान

नाशिकच्या आमच्या वर्कशॉपमध्ये हल्ली तरुण मुलं उंच केलेली पिकअप घेऊन येतात. "मागचे पाटे बदलायचेत, तीन इंच उचलून हवेत." जुने पाटेवाले आप्पा यांच्या हाताखाली वाढल्यामुळे माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दादा, मागं भरता काय?" बऱ्याच जणांकडे उत्तर नसतं. पाट्यांचा, म्हणजे लीफ स्प्रिंगांचा, सगळा इतिहास मात्र याच प्रश्नाभोवती फिरलेला आहे.

जुन्या विलायती बग्गीचा डबा चामड्याच्या पट्ट्यांवर टांगलेला असे. पुढचा नि मागचा आस एकमेकांना धरून राहावेत म्हणून खालून एक जाड लाकडी दांडा जाई. 1804 मध्ये लंडनच्या ओबडाया इलियटने लंबगोल पाट्यांचं पेटंट घेतलं. पाटे थेट आसावर बसले, दांड्याची गरज उरली नाही, गाडी हलकी झाली आणि खालीही आली. आज ज्या पाट्यांनी गाडी चढवायची धडपड चालते, त्यांनी नाव कमावलं ते गाडी उतरवून.

मोटारी आल्या तेव्हा हेच पाटे त्यांच्या खाली गेले. 1908 च्या फोर्ड मॉडेल टीला पुढे एक आणि मागे एक असा आडवा पाटा होता. आस जागेवर धरायला वेगळे दांडे. याच मॉडेलवर फोर्डने 1925 मध्ये कारखान्यातूनच हौदा बसवून पिकअप विकायला काढली. पण ट्रकच्या धंद्यात टिकली ती दुसरी रचना, लांबीच्या दिशेने दोन बाजूंना पाट्यांच्या दोन जुड्या. यात पाट्याला तीन कामं एकदम करावी लागतात. ओझं पेलायचं, हौसिंग (मागच्या आसाचं कवच) जागेवर धरायचं, आणि ॲक्सलेटर दाबल्यावर हौसिंगला जो पीळ बसतो तोही सोसायचा. हे तिसरं काम लोक विसरतात, आणि उंच केलेल्या गाडीत तेच आधी बोंबलतं.

अमेरिकेत पाट्यांना एकदा आव्हान मिळालं. शेवरलेने 1960 पासून आपल्या अर्ध्या टनाच्या पिकअपला मागे गोल स्प्रिंगा दिल्या. गाडी मऊ चालायची. तरी 1973 च्या नव्या मॉडेलला कंपनी पाट्यांवर परतली. मला यात नवल वाटत नाही. रिकामी असताना मऊ आणि भरल्यावर ताठ असं दुहेरी वागणं जुडीला सहज जमतं: वरचे पातळ पाटे रोजचं वजन घेतात, ओझं वाढलं की खालचा जाड हेल्पर पाटा टेकतो.

गाड्या उचलण्याचा नाद जीपपासून वाढला. दुसऱ्या महायुद्धानंतर जीप शेतकऱ्यांच्या आणि हौशी लोकांच्या हाती आली. 1953 मध्ये कॅलिफोर्नियात रुबिकॉनच्या दगडी वाटेवर पहिला जीपर्स जॅम्बोरी मेळावा भरला, 1967 मध्ये मेक्सिकोच्या बाहा वाळवंटातली शर्यत सुरू झाली. आपल्याकडे 1949 मध्ये मुंबईच्या माझगावला महिंद्रांनी विलिस जीप जोडायला घेतली, आणि आप्पांचं आयुष्य त्याच जीपच्या पाट्यांवर गेलं. तिचे पाटे आसाच्या खालून जात. हौशी मंडळींनी ते आसाच्या वर नेले. तेवढ्यावरच गाडी चार-पाच इंच वर गेली. पिकअपला ही सोय नाही, कारण तिचे मागचे पाटे मुळातच वर असतात. म्हणून तिथे तीनच वाटा उरतात: ब्लॉक (हौसिंग आणि पाट्यामध्ये घालायचा ठोकळा), लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारा दुवा) किंवा जास्त कमानीची नवी जुडी.

शॅकल दोन इंच लांब केलं तर मागून उंची मिळते एकच इंच, शिवाय हौसिंगचा कोन फिरतो आणि शाफ्टचा क्रॉस लवकर जातो. ब्लॉक स्वस्त. पण तो हौसिंग आणि पाट्यामधलं अंतर वाढवतो, म्हणजे पीळ द्यायला चाकाच्या हाती जणू लांब पाना येतो. गाडी चढावर ओढताना पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो, मागचं चाक थडथडतं. उंच ब्लॉक, मोठे टायर आणि मऊ पाटे ही तिन्ही एकत्र आलेली गाडी मी परत पाठवतो.

नवी जुडी निवडताना आकडे निष्ठुर असतात. बाकी सगळं तेच ठेवून 8 मिलिमीटरच्या जागी 9 मिलिमीटर जाडीचे पाटे घातले, तर कडकपणा 42 टक्क्यांनी वाढतो. लांबी 52 इंचांवरून 63 केली, तर तो 56 टक्क्यांवर उतरतो. वाळवंटात पळणाऱ्या गाड्यांना लांब, पातळ आणि संख्येने जास्त पाटे असतात ते यामुळेच. त्यांना चाकाची वर-खाली चाल हवी असते. कांद्याच्या गोण्या वाहणाऱ्या पिकअपला ती जुडी घातली तर हौदा बसेल. उलट मालवाहू जुडी रिकाम्या गाडीला घातली, तर उंची दिसायला छान, पण मागचं चाक खड्ड्याखड्ड्यावर जमीन सोडतं.

जुन्याच पाट्याला घण मारून कमान चढवून द्या, असंही कोणी म्हणतं. आप्पा ते करत, पण पाटा भट्टीत लाल करून, तेलात पाणी पाजून, पुन्हा टेंपर करून. नुसती थंड ठोकलेली कमान काही महिन्यांत परत बसते. ही मेहनत करणारे हात आता गावोगाव उरलेले नाहीत, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

2016 मध्ये इसुझूची व्ही-क्रॉस इथे आली, 2022 मध्ये टोयोटाची हायलक्स. दोन्हींच्या मागे पाटेच. मालकांपैकी कोणी छपरावर तंबू लावतं, कोणी लोखंडी बंपर, कोणी मागे पाण्याची टाकी. मी त्यांना सगळं सामान आणि माणसं घेऊन आधी वजनकाट्यावर पाठवतो, मागच्या चाकांवरचं वजन वेगळं लिहून आणायला सांगतो. जुडी त्या चिठ्ठीवरून ठरते. कायमचं वजन असेल तर मेन पाट्याखालचे पाटे वाढवायचे, अधूनमधून असेल तर हेल्पर जाड करायचा. यू-बोल्ट नवेच घालायचे, कारण एकदा ताणलेला जुना बोल्ट पकड धरत नाही. पाट्याच्या डोळ्यातल्या बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर टेकून पाट्यांवर वजन आल्यावरच आवळायचे, नाहीतर बुश पिळलेलं राहतं आणि फाटतं. आणि थोडं अंतर चालवून झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळायला गाडी आणायची. परत यायची तारीख मी बिलावरच लिहून देतो.