दाढीचा कप आणि बंबाचे पाणी

रामबागेतील आमचे जुने घर पाडण्यापूर्वी माळ्यावरची भांडी खाली उतरविली, तेव्हा तांब्याचे घंगाळ, पिचकलेला बंब आणि लोणच्याच्या बरण्या यांच्या गर्दीत चिनीमातीचे एक विचित्र भांडे हाती आले. चहाच्या किटलीसारखे म्हणावे तर झाकण नाही, मगासारखे म्हणावे तर त्याला पुढे रुंद, पसरट चोच. आणि वरच्या अंगाला भोके पाडलेली उथळ ताटली. घरातील तरुण मंडळींनी ते धूपदान असावे असा तर्क केला. मला मात्र ते ओळखता आले, कारण लहानपणी आजोबांच्या हाती मी ते पाहिले होते. घरात त्याला ‘दाढीचा कप’ म्हणत. इंग्रजीत त्याचे नाव शेव्हिंग स्कटल. शेगडीजवळ कोळसे ठेवण्याच्या चोचीच्या बादलीला इंग्रज लोक ‘स्कटल’ म्हणत. आकाराच्या साम्यावरून तेच नाव या नाजूक वस्तूला चिकटले.

पुण्यात राहणारा माझा नातू अलीकडे पुन्हा ब्रश आणि वडीचा साबण वापरून दाढी करू लागला आहे. त्याच्या पिढीत ही हौस बरीच पसरली आहे असे दिसते. त्याने फोनवर विचारले, ‘‘आजोबा, फेस गरम राहावा म्हणून कोणते भांडे घेऊ? आपल्याकडे जुने काही आहे का?’’ घरात तीन भांडी होती : एक पितळी वाटी, एक जर्मनचा पेला आणि हा कप. तिघांपैकी कोणते द्यावे हे ठरविण्यासाठी मी आजोबांच्या खर्चाच्या वह्या उघडल्या. आणि प्रश्न वाटला होता तितका सरळ राहिला नाही.

प्रथम भांड्याविषयी. स्कटलच्या पोटात कढत पाणी भरायचे. चोच रुंद असते ती ब्रश आत बुडावा म्हणून. वरच्या ताटलीत साबणाची वडी. भोकांमधून जादा पाणी खाली गळते आणि खालची वाफ वडीला नरम ठेवते. ब्रश बुडवावा, वडीवर फिरवावा, गालावर लावावा, आणि दुसऱ्या हाताला ब्रश पुन्हा चोचीत घालावा. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही भांडी रूढ झाली. नळाला गरम पाणी नसलेल्या घरांत, थंडीच्या दिवसांत, निजायच्या खोलीत एका तांब्याभर पाण्यावर दाढी उरकायची तर ही सोय उत्तम होती. गेल्या वीसएक वर्षांत अमेरिका-कॅनडातील कुंभारांनी दुहेरी भिंतीची नवी भांडी घडविली आहेत. त्यांत पाणी दोन भिंतींच्या मध्ये राहते आणि फेस आतल्या वाटीत. तत्त्व तेच.

फेसाला अशी बाहेरून ऊब का द्यावी लागते? फेस म्हणजे बहुतांशी हवा. साबणाच्या पातळ पापुद्र्यात कोंडलेल्या हवेत उष्णता फारशी साठत नाही. पाण्याची कढत वाटी अर्धा तास कोमट राहील, पण फेस पाहता पाहता निवतो. दाढीचा केस कोरडा असता तारेसारखा चिवट असतो; दोन-तीन मिनिटे गरम पाणी मुरले की तो फुगतो, मऊ होतो आणि पाते अडखळत नाही. मालवणच्या किंवा रत्नागिरीच्या माणसाला हे फारसे जाणवणार नाही. पण माळव्यात पौष-माघाच्या पहाटे मोरीच्या फरशीवर उभे राहिलेल्या माणसाला ते कोणी सांगावे लागत नाही.

दुसरी अडचण आमच्या पाण्याची. माळव्याच्या काळ्या खडकातील विहिरींचे पाणी जड. त्यातील चुन्याशी साबणाची गाठ पडली की फेसाऐवजी दह्याच्या कवड्यांसारखा साका जमतो. जलूदहून नर्मदेचे पाणी इंदूरला आले ते १९७८ साली. त्यापूर्वी ज्या घरांची भिस्त विहिरीवर होती, त्या घरांतील पुरुषांना पावसाळ्यात पागोळीखाली धरलेले पाणी दाढीसाठी राखून ठेवताना मी पाहिले आहे. पाणी उकळल्याने या जडपणाचा काही भाग तळाशी बसतो, म्हणूनही बंबाचे पाणी बरे. बंबाच्या नळाखाली कप धरायचा, ही आजोबांची रीत.

कपाच्या बुडाशी इंग्रजी अक्षरांत ‘जर्मनी’ असा पुसट शिक्का आहे. हा शिक्का बराच बोलका आहे. १८८७ साली ब्रिटनने मालावर मूळ देशाचे नाव उमटविण्याविषयी कायदा केला, तो मुख्यतः स्वस्त जर्मन माल इंग्रजी म्हणून खपू नये यासाठी. परिणाम उलटाच झाला आणि शिक्का हीच त्या मालाची जाहिरात बनली, हा भाग वेगळा. पुढे १९१४ साली महायुद्ध पेटले आणि जर्मन मालाची आवक थांबली. म्हणजे आमचा कप या दोन सालांच्या दरम्यानचा असावा असा माझा कयास होता. आणि वहीने तो खरा ठरविला. शके १८३२, म्हणजे इसवी सन १९१०, मार्गशीर्षातील नोंद : ‘महू लिलांव, दाढीचा कप चिनी, १।’. सव्वा रुपया!

महूचा लिलाव इंदूरच्या जुन्या घरांना अपरिचित नाही. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत होळकरांची फौज हरली, जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला; आणि त्याच वर्षी दोन गोष्टी घडल्या. तात्या जोग यांच्या कारभारात राजधानी इंदूरला स्थिरावली आणि तेरा-चौदा मैलांवर महूला इंग्रजांची छावणी पडली. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज त्या राजधानीच्या दफ्तरात कारकुनी करण्यासाठी दक्षिणेतून आले, आणि म्हणूनच माळव्यात आपण ‘दक्षिणी’ ठरलो. छावणीतील साहेबाची बदली झाली की त्याचे सामानसुमान लिलावात निघे : पलंग, घड्याळे, काचेचे दिवे, बशा. दुसऱ्या तुकोजीरावांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज देऊन खांडव्याहून इंदूरकडे रेल्वे आणविली, तेव्हापासून अशा मालाला मुंबईची वाटही मोकळी झाली. आमच्या घरातील निम्मी काच आणि चिनीमाती या दोन वाटांनी आली असली पाहिजे.

त्याआधी घरात दाढीचे सामानच नव्हते. ते न्हाव्याच्या धोकटीत असे. वस्तरा, पट्टा, सहाण, नऱ्हाणी, कात्री, छोटा आरसा आणि पितळी वाटी. तो मागील दारी येई, पाटावर बसलेल्या माणसासमोर उकिडवा बसे आणि वाटीतील पाणी बोटांनी चोळून चोळून दाढी भिजवी. साबण क्वचितच, सारी मदार बोटांवर. मंगळवार, शनिवार, एकादशी, अमावास्या वगळून दिवस ठरलेले. श्मश्रू झाल्यावर माणूस ओवळा; स्नान केल्याखेरीज त्याने घरात कशाला शिवायचे नाही. ज्या माणसाने गळ्याजवळ वस्तरा धरायचा, त्याचाच स्पर्श विटाळ मानायचा, यातील विसंगती आमच्या वाडवडिलांपैकी कोणाला खटकली असेल तर त्याचा माग वह्यांत लागत नाही. न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. शहरात धान्याच्या बलुत्याची जागा महिन्याच्या पैशांनी घेतली, एवढाच फरक. वर्ष, बारसे, मुंज, लग्न यांचे वेगळे.

स्वतःची दाढी स्वतः करणे ही म्हणूनच नुसती सोय नव्हती. गांधीजींनी आत्मकथेत प्रिटोरियातील गोऱ्या न्हाव्याने त्यांचे केस कापण्यास नकार दिल्याची हकीकत सांगितली आहे. त्यांनी स्वतःच कात्री हाती घेतली, मागचे केस वेडेवाकडे कापले गेले आणि कोर्टात मित्रांचे हसणे सोसावे लागले. त्याच प्रकरणात ते पुढे म्हणतात की, आपणही आपल्या देशात अस्पृश्यांची हजामत न्हाव्यांना करू देत नाही, मग त्या न्हाव्याला दोष कसा द्यावा? आजोबांच्या मनात एवढा विचार असेल असे मला वाटत नाही. त्यांना दफ्तरात वेळेवर पोहोचायचे होते, आणि ठरावीक दिवसाखेरीज गुळगुळीत दाढी हवी होती. जिलेटच्या सुटी पाती बसवायच्या यंत्राला अमेरिकेत १९०४ साली पेटंट मिळाले; महायुद्धात अमेरिकी सैनिकांना ती यंत्रे सरकारतर्फे वाटली गेली आणि घरची दाढी हा जगभरचा रिवाज झाला. आजोबांकडे आरंभी साधा इंग्रजी वस्तराच होता. ब्रशाबाबत ते फार जपत. त्याच युद्धाच्या काळात घोड्याच्या केसांच्या स्वस्त ब्रशांतून इंग्लंड-अमेरिकेत अँथ्रॅक्सचा रोग पसरला होता. ती बातमी वाचल्यापासून नवा ब्रश ते उकळत्या पाण्याची वाफ दिल्याशिवाय वापरीत नसत.

(दाढी-केसांचा विषय निघालाच आहे म्हणून : महूच्या छावणीत असलेला डेनिस कॉम्प्टन १९४५ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाकडून मुंबईविरुद्ध नाबाद २४९ धावा काढून गेला, हे इंदूरकरांना पाठ आहे. पुढे ब्रिलक्रीमच्या जाहिरातीत त्याचे चापूनचोपून बसविलेले केस झळकले, तेव्हा ‘हे आपल्या महूचेच डोके’ असे आजोबा म्हणत.)

आता वहीकडे परत. कप १९१० साली आला. त्यानंतर दोन-तीन महिन्यांत साबणाच्या वड्या, ब्रश, वस्तऱ्याला पट्टा अशा नोंदी येतात. घरात दाढी करणारे पुरुष तीन. तिघेही आता स्वतःची दाढी करू लागले होते. पुरुषांच्या नावावर न्हाव्याचे महिन्याचे पैसे थांबले, हेही दिसते. पण दर पंधरवड्याला ‘न्हावी, मागील दारीं, ०॥’ ही अर्ध्या आण्याची नोंद चालूच आहे. एक वर्ष नव्हे, दहा वर्षे. मी ती प्रथम मुलांच्या जावळाची किंवा नखे काढण्याची समजलो. मुले तर त्या काळात घरात दोनच होती.

उलगडा आईच्या एका जुन्या बोलण्यातून झाला. आजोबांची धाकटी बहीण, माझ्या वडिलांची आत्या, लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतली होती. आलवण नेसलेली, सोवळी. अर्ध्या आण्याची नोंद तिची होती. पुरुषांच्या दाढीसाठी पहाटे बंब पेटे. तिच्यासाठी न्हाव्याने आपल्या पितळी वाटीत आडाचे गार पाणी घ्यायचे, असा पणजीचा दंडक. गरम पाणी म्हणजे चैन, आणि चैन तिला वर्ज्य. आई सांगे, की आजी थंडीच्या दिवसांत आजोबांची दाढी आटोपली की कपातले उरलेले कोमट पाणी, साबणाचा मेण लागलेले, मागील दारी न्हाव्याच्या वाटीत ओतून येई. न्हावीही मान खाली घालून ते घेई आणि काही बोलत नसे. पणजीला हे ठाऊक नव्हते, किंवा ठाऊक असून ती गप्प राहिली. दोन्ही शक्य आहे, कारण आत्याबाई तिचीच मुलगी.

१८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करणार नाही असा निर्धार केला होता. १८९३ साली अण्णासाहेब कर्व्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला आणि १८९६ मध्ये पुण्यात आश्रम काढला. ही वर्तमाने इंदूरला पोहोचत होती. आमच्या घरात मराठी वृत्तपत्र येत होते, त्याची वर्गणी त्याच वहीत आहे. सुधारणा वाचणे आणि घरात आणणे यांत आमच्या घराला तीस वर्षे लागली. होळकर दरबारच्या सुधारक धोरणाचे कौतुक आपण या सभेत नेहमी करतो, ते करावेच. पण मागील दाराचा हिशेब वेगळ्या गतीने चालत होता, हे आपल्यापैकी ज्यांच्याकडे जुन्या वह्या आहेत त्यांनी तपासून पाहावे.

पणजी शके १८४२ च्या भाद्रपदात वारली. कार्तिकापासून अर्ध्या आण्याची नोंद नाही. माघात ‘फणी एक’ अशी नोंद आहे. आत्याबाईंना मी पाहिले ते त्यांच्या म्हातारपणी; पांढरे, दाट केस आणि त्यांचा घट्ट अंबाडा. त्या रोज सकाळी फार वेळ केस विंचरीत बसत आणि आम्ही मुले त्याला हसत असू.

न्हाव्याचा मुलगा पुढे जवळच्या बाजारात खुर्ची-आरशाचे दुकान थाटून बसला. माझे पहिले केस तिथेच कापले गेले. धोकटीतील वाटी त्याच्या वडिलांनी शेवटच्या फेरीत आमच्याकडेच विसरली, असे आई म्हणे. विसरली की ठेवून गेला, कोण जाणे.

तेव्हा नातवाच्या प्रश्नाचे उत्तर. मी तिन्ही भांड्यांत एकाच वेळी कढत पाणी भरून पाहिले. जर्मनचा पेला क्षणात हाताला चटके देऊ लागला आणि तितक्याच लवकर निवला. पितळ जरा टिकले, पण माझा चहा संपण्याआधी कोमट झाले. धातूची भांडी उष्णता झटकन घेतात आणि झटकन सोडतात. जाड चिनीमाती सावकाश तापते, म्हणून आधी एकदा गरम पाण्याने विसळून मग पुन्हा भरावी. मग मात्र दुसऱ्या हातापर्यंत ब्रश ऊबदार राहतो. आजोबा कपाला लोकरीची टोपी घालीत, तीही करून घ्यावी. नवे घ्यायचेच असेल तर दुहेरी भिंतीचे, बुडाशी जड आणि ब्रश सहज फिरेल इतक्या तोंडाचे घ्यावे. तोंड अरुंद असले तर फेस ब्रशातच अडकतो.

कप मी त्याला पाठविला आहे, भुश्शात बांधून. वाटी ठेवून घेतली.