वैद्याचे शिक्षण कधी संपते?

दवाखान्यात नंबर लागेपर्यंत बसलो की आपली नजर हटकून भिंतीवर जाते. तेथे चौकटीत घातलेले पदवीचे प्रमाणपत्र असते. डॉक्टरांचे नाव आपण वाचतो, विद्यापीठाचे नाव वाचतो. खालचे साल मात्र सहसा वाचत नाही. आज त्या सालाविषयीच मला तुमच्याशी बोलायचे आहे. त्या सालानंतर औषधे बदलली, काही रोग मागे पडले, काही नवे आले, आणि जुन्या रोगांची कारणेही नव्याने उमगली. मग त्या सालानंतर आपले डॉक्टर काय शिकले? कोठे शिकले? कोणी शिकवले?

शिक्षक बंधुभगिनींना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. नोकरी लागली म्हणून शिक्षकाचे प्रशिक्षण संपत नाही. वर्ग आणि शिबिरे चालूच असतात. वैद्यकातही तसेच आहे. फरक इतकाच की, शिक्षक शिकायचा थांबला तर मुलांचे वर्ष वाया जाते. वैद्य शिकायचा थांबला तर माणूस जातो.

हा विचार आपण साहेबाकडून घेतला असे कोणी समजू नये. चरकसंहितेच्या विमानस्थानात 'तद्विद्यसंभाषा' असा एक शब्द आहे. एकच विद्या जाणणाऱ्यांनी एकत्र बसून केलेली चर्चा, असा त्याचा अर्थ. अशा चर्चेने ज्ञान वाढते, शंका फिटतात, आणि एकाला ठाऊक असलेले दुसऱ्याला कळते, असे तेथे सांगितले आहे. तिचे दोन प्रकारही दिले आहेत. एक संधाय संभाषा, म्हणजे मित्रभावाने केलेली. दुसरी विगृह्य संभाषा, म्हणजे प्रतिपक्षाला हरवण्यासाठी केलेली. हा भेद लक्षात असू द्या, पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे.

आता वसईकडे वळू. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसईचा मुलूख पोर्तुगिजांच्या हाती गेला. त्याच साली गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यास उतरला. मोठमोठ्या विद्यापीठांत तो शिकला होता. ग्रीक वैद्यांचे ग्रंथ हाच तेव्हा युरोपातल्या वैद्यकाचा वेद. पण इकडे आल्यावर त्याला दिसले की, येथली झाडे, येथले रोग आणि येथली औषधे त्या ग्रंथांत नाहीत, आणि जी आहेत त्यांतली कित्येक चुकीची आहेत. तेव्हा हा पदवीधर पुन्हा विद्यार्थी झाला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात त्याने हकिमांशी चर्चा केली, हिंदू वैद्यांना विचारले, बाजारातल्या व्यापाऱ्यांकडून माहिती काढली. पुढे मुंबईचे बेटच त्याला भाडेपट्ट्याने मिळाले; ते बेट तेव्हा वसईच्या कारभाराखाली होते. १५६३ साली गोव्यात त्याचा ग्रंथ छापून निघाला. तो लिहिला आहे संवादाच्या रूपात! एक पंडित ग्रंथांचे दाखले देतो आणि ओर्ता त्याला डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. म्हणजे काय, तर ती छापलेली संभाषाच होय.

ओर्ता एकटा होता. त्याच्यासारखी जिज्ञासा प्रत्येक वैद्याला असेलच असे नाही. म्हणून शिकत राहण्याची सोय एखाद्या संस्थेने करावी लागते. ती सोय आपल्या भागात झाली तीनशे वर्षांनंतर. गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या स्मरणार्थ मुंबईत वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून त्याच्या शेजारी रुग्णालय उभे राहिले. साल १८४५. महाविद्यालय आणि रुग्णालय एकाच आवारात, ही यातली खरी गोम. पुस्तकातला रोग आणि खाटेवरचा रोगी यांच्यात भिंत नको, असा पहिले प्रमुख डॉ. चार्ल्स मोरहेड यांचा आग्रह होता.

१८५१ साली पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. या पदवीधरांनी पदवी घेऊन महाविद्यालयाकडे पाठ फिरवली नाही. त्यांचे एक वैद्यकीय मंडळ स्थापन झाले. आपल्याकडे आलेल्या रोग्यांच्या हकीकती लिहून आणायच्या, सर्वांसमोर वाचायच्या आणि त्यांवर चर्चा करायची, असा त्याचा परिपाठ. भाऊ दाजींनी तर इंग्रजी विद्या शिकूनही जुन्या औषधांचा शोध सोडला नाही. महारोगावर कडू कवठाच्या तेलाचे त्यांनी प्रयोग केले.

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅक बेपर्यंत उपनगरी गाडी सुरू झाली. आपल्याकडची केळी, पाने आणि भाजी ज्या गाडीने मुंबईला जाऊ लागली, त्याच मार्गाने आपले रोगी मोठ्या इस्पितळात जाऊ लागले. पण रोगी जितक्या लवकर मुंबईला पोचतो, तितक्या लवकर मुंबईतले ज्ञान गावात पोचते का? त्याची कसोटी प्लेगने घेतली.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. तेही ग्रँट महाविद्यालयाचेच विद्यार्थी. त्याच महाविद्यालयाच्या आवारात हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पण प्लेग पसरतो कसा, हे कोणाला कळेना. घरे धुतली जात, सामान जाळले जाई, माणसे गाव सोडून रानात झोपड्या घालून राहत. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिले की, प्लेग उंदरावरच्या पिसवेमार्फत येतो. त्यावर लगेच विश्वास बसला का? नाही. पुष्कळ विद्वानांनी ते उडवून लावले. मुंबईत परळला झालेल्या पुढच्या संशोधनाने ते पक्के होईपर्यंत सात-आठ वर्षे गेली, आणि त्या वर्षांत प्लेग माणसे नेतच होता. चरकाने सांगितलेली विगृह्य संभाषा ती हीच. वादात हार नको म्हणून सत्य दाराबाहेर ताटकळत ठेवायचे!

मग मित्रभावाची संभाषा कशी असते? ती शिकवण्याच्या रुग्णालयांत पाहायला मिळते. १९२६ साली परळला सेठ गोरधनदास सुंदरदास महाविद्यालय आणि के.ई.एम. रुग्णालय सुरू झाले. तेथले अध्यापक भारतीयच असावेत, ही देणगीदारांची अट होती. तेथल्या अध्यापकांच्या मंडळाने १९५५ पासून पदव्युत्तर वैद्यकाला वाहिलेले नियतकालिक चालवले आहे. अशा रुग्णालयांत एक विशेष प्रकारची बैठक भरते. अमेरिकेत बोस्टनला डॉ. रिचर्ड कॅबट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ती रूढ केली. एका मृत रुग्णाची हकीकत सर्वांना वाचून दाखवतात. एखादे अनुभवी डॉक्टर उभे राहून, हा अमुक रोग असावा, असे कारणांसह सांगतात. मग शवविच्छेदन करणारे डॉक्टर खरे काय निघाले ते सांगतात. पुष्कळदा अनुभवी डॉक्टरांचा अंदाज चुकतो, तोही शिकाऊ पोरांच्या देखत! पण त्यात कोणाची मानहानी होत नाही. त्या एका चुकीतून सभेतले शंभर जण शहाणे होतात.

येथवर वाचून कोणाला वाटेल, ज्ञान नेहमी शहरातूनच गावाकडे येते. तसे नाही. कोकणात लाल विंचू चावून कितीतरी माणसे, विशेषतः मुले, दगावत. १९७६ पासून महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी असे रोगी रात्र रात्र जवळ बसून पाहिले. हृदय आणि फुप्फुसे निकामी होऊन मरण येते, हे त्यांनी टिपले. १९८२ साली त्यांचे निरीक्षण लंडनच्या 'लॅन्सेट' या विख्यात नियतकालिकात आले. पुढे रक्तदाबावरची प्रॅझोसिन नावाची साधी गोळी येथे गुणकारी ठरते, हे त्यांनी दाखवले. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी शेकडा पंचवीस-तीस जात. गोळी वेळेवर मिळू लागल्यावर त्यांच्या पाहणीत ते प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आले. आता बघा, हे ज्ञान गावात जन्मले आणि मोठ्या रुग्णालयांना शिकवून गेले. पण वसईच्या वाडीतल्या किंवा जव्हार-मोखाड्याच्या पाड्यातल्या पोराला त्याचा उपयोग केव्हा? जवळच्या डॉक्टरांना ते ठाऊक असेल तेव्हा, आणि ती गोळी त्यांच्या कपाटात असेल तेव्हा.

ठाऊक नसले तर काय होते, याचा दाखला क्षयाचा आहे. क्षयाला कोणती औषधे, किती आणि किती महिने, हे ठरलेले आहे. तरी धारावीतल्या शंभर खाजगी डॉक्टरांना विचारले तेव्हा त्यांनी क्षयासाठी ८० वेगवेगळे उपचार लिहून दिले. ही पाहणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. २०१० साली तशीच पाहणी पुन्हा प्रसिद्ध झाली. १०६ डॉक्टरांनी ६३ प्रकारच्या चिठ्ठ्या लिहिल्या, आणि त्यांतले बरोबर होते अवघे सहा! अपुऱ्या औषधाने क्षयाचा जंतू मरत नाही. उलट तो औषधाला पुरून उरायला शिकतो. डॉक्टर शिकले नाहीत तर जंतू शिकतात, ही गोष्ट नीट ध्यानात घ्या.

म्हणून कायद्याने हात घातला. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत, डॉक्टरांनी दर पाच वर्षांत ३० तास तरी अशा शिक्षणाला द्यावेत, असे म्हटले आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेने नोंदणीचे नूतनीकरण या शिक्षणाच्या गुणांशी जोडले. हे चांगलेच झाले. पण पाच वर्षांत ३० तास म्हणजे महिन्याला अर्धा तास. त्यातही सभागृहात बसायचे, वहीत सही करायची, जेवण घ्यायचे आणि घरी यायचे, असे झाले तर फळ शून्य. देशोदेशीच्या अभ्यासांतून हेच दिसले आहे की, नुसत्या व्याख्यानाने डॉक्टरांची सवय फारशी बदलत नाही. चर्चा असेल, हाताने सराव असेल, तर ती बदलते. शिवाय सभेचा खर्च औषध कंपनीने केला तर तिचा शब्द वजनदार होतो. २००९ साली डॉक्टरांनी कंपन्यांकडून भेटी आणि प्रवासखर्च घेऊ नयेत असा नियम झाला, तो याच कारणाने.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. एका टोकाला वसई-विरारची दाट वस्ती, दुसऱ्या टोकाला डोंगरातले पाडे. तेथल्या आरोग्य केंद्रातल्या तरुण डॉक्टरला मुंबईच्या बैठकीला जायचे तर दिवस मोडतो, आणि मागे केंद्र सांभाळायला कोण? म्हणून ही संभाषा तालुक्याच्या रुग्णालयात भरली पाहिजे. मोठ्या रुग्णालयातल्या अध्यापकांनी महिन्यातून एकदा इकडे यावे. त्यांनी काही शिकवावे, आणि बिरवाडीचे उदाहरण स्मरून काही शिकूनही जावे.

आणि आपण काय करावे? डॉक्टर म्हणाले, "मला खात्री नाही, मोठ्या डॉक्टरांना विचारून सांगतो," तर त्यांची विद्या थोडी असे समजू नका. ज्याला विचारायची लाज नाही तोच शिकतो. सुई टोचली नाही म्हणून रागावू नका. क्षयाची औषधे चालू असतील तर किती महिने घ्यायची ते विचारा आणि तितके महिने घ्या. शिक्षकांनी वरच्या वर्गातल्या मुलांना प्लेगच्या पिसवेची आणि विंचवावरच्या गोळीची गोष्ट अवश्य सांगावी. आणि एखाद्या दिवशी दवाखान्याला कुलूप दिसले, दारावर 'बैठकीस गेलो आहे, उद्या येईन' अशी पाटी दिसली, तर दुखणे तातडीचे नसल्यास एक दिवस कळ काढा. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले की मात्र बेलाशक विचारा, "काल काय नवे शिकलात?"