जुनी लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल: शोभेची वस्तू की शस्त्र?

लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलमध्ये ट्रिगरभोवतीचा दांडा खाली ओढून पुन्हा वर घेतला, की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे आत जाते. अमेरिकेत १८६० च्या दशकात ‘हेन्री’ आणि ‘विंचेस्टर’ रायफलींनी ही पद्धत रूढ केली. विंचेस्टरचे १८७३ चे मॉडेल ७ लाखांहून अधिक बनले. संग्राहक आज त्यांच्या मागे असतात.

अमेरिकेत आणि भारतात फरक काय?
अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली बंदूक ‘अँटिक’ ठरते. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ नुसार, दुरुस्ती करूनही गोळी झाडू न शकणाऱ्या कालबाह्य शस्त्राला सूट आहे. ‘क्युरिओ’ वर्गातील शस्त्र बाळगण्यास २०२० पासून परवाना लागत नाही. मात्र ते वापरण्यास किंवा बाहेर नेण्यास लागतो.

आजोबांची बंदूक सापडली तर?
समजा, पुसद किंवा दारव्ह्यातल्या जुन्या वाड्यात अशी रायफल निघाली. ती कोणत्या वर्गात बसते, हे स्वतः ठरवू नये. चालवून पाहू नये, विकू नये, सोबत घेऊन फिरू नये. आधी पोलीस ठाण्याला कळवावे. परवाना यवतमाळचे जिल्हाधिकारी, म्हणजेच जिल्हादंडाधिकारी देतात. आजोबांचा परवाना असला, तरी तो वारसाला आपोआप मिळत नाही. नवा अर्ज करावा लागतो.

दुर्लक्ष केले तर?
विनापरवाना बंदूक बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर २ ते ५ वर्षे कैद होऊ शकते.