मुलींची छावणी

इसवी सन १९०९ च्या सप्टेंबर महिन्यात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये बालवीरांचा मोठा मेळावा भरला होता. बेडन-पॉवेल हे हजारो मुलांची पाहणी करीत असता एका बाजूस काही मुलीही शिस्तीने उभ्या असलेल्या त्यांच्या दृष्टीस पडल्या. त्यांना कोणी निमंत्रण दिले नव्हते. बालवीरांचे पुस्तक वाचून त्यांनी आपल्या तुकड्या आपणच बांधल्या होत्या. इतकेच नव्हे, तर कित्येकींनी आपल्या नावाची केवळ आद्याक्षरे लिहून मुख्य कचेरीत नोंदही करून घेतली होती, म्हणजे अर्जदार मुलगा की मुलगी हे तेथील मंडळींस कळावयासच नको. अशा मुलींची संख्या हजारांच्या घरात गेली होती. ही चळवळ मुलींकरिता वडील माणसांनी काढली असे सांगण्याची चाल आहे. ती फारशी खरी नव्हे.

वडील माणसांनी केले ते एवढेच, की १९१० साली मुलींचे निराळे मंडळ काढून त्याची धुरा बेडन-पॉवेल ह्यांची भगिनी ॲग्नेस ह्यांच्याकडे सोपविली. ‘गाईड’ हे नाव हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरील ‘कोअर ऑफ गाईड्स’ ह्या पलटणीवरून घेतलेले होते. ‘स्काऊट’ हा शब्द मुलींस सोडावा लागला, कारण मुलींनी रानावनात हिंडावे, राहुटीत निजावे ही कल्पनाच त्या काळच्या विलायतेत अनेकांस असह्य होती. म्हणून आरंभीच्या पुस्तकात शुश्रूषा, स्वयंपाक आणि गृहव्यवस्था ह्यांवर भर दिलेला आढळतो. मुलींचे लक्ष मात्र राहुटीवरच होते.

ह्या राहुटीत असे काय होते? तिचे मर्म संघपद्धतीत होते. १९०७ साली ब्राउनसी बेटावर मुलांच्या पहिल्या छावणीत जी पद्धत पडली, तीच मुलींनी उचलली. सहा ते आठ मुलींचा एक संघ, आणि त्यांच्यातीलच एक संघनायिका. एका संघाने सरपण गोळा करावे, दुसऱ्याने पाणी भरावे, तिसऱ्याने चूल पेटवावी, चौथ्याने स्वच्छता पाहावी, आणि दुसऱ्या दिवशी कामे फिरावी. मोळे-खिळे न वापरता काठ्या दोरीने बांधून मांडणी आणि हात धुण्याची तिवई उभी करावयाची. ओली लाकडे आणली तर भात कच्चा राहणार, राहुटीभोवती चर खणला नाही तर रात्री अंथरूण भिजणार. निसर्ग कोणाची भीड धरीत नाही, आणि चुकीची शिक्षा देण्यास तेथे बाईंची गरज उरत नाही. सर्व संघनायिकांची मिळून एक सभा असे. छावणीतील कामांची वाटणी आणि तक्रारींचा निकाल ह्या सभेत होई. वर्गातील मॉनिटर मास्तर बाहेर गेले की बोलणाऱ्यांची नावे पाटीवर लिहितो. पण संघनायिकेला असे करून भागत नाही. रुसलेल्या मैत्रिणीकडून पाणी भरवून घेणे आणि तिला पुन्हा हसवणे, हे तिला आपल्याच अकलेने साधावे लागते.

आपल्या देशात पहिले वीरबाला पथक १९११ साली जबलपूर येथे निघाले. पण ते युरोपियन मुलींचे होते, आणि हिंदी मुलींस दार उघडण्यास १९१६ साल उजाडले. जिच्या नावात हिंदुस्थानची सरहद्द होती, त्या संस्थेने हिंदुस्थानच्याच लेकींस पाच वर्षे उंबऱ्याबाहेर उभे ठेवले, हे विसरता येत नाही. पुढे १९६६ साली पुण्यास आळंदी रस्त्यावर ‘संगम’ हे जगातील वीरबालांचे निवासकेंद्र उभे राहिले, तेव्हा तो हिशेब काही अंशी चुकता झाला.

परंतु ह्या शिक्षणाची खरी कसोटी लागली ती दुसऱ्या महायुद्धात, पोलंडच्या मुलींची. बर्लिनच्या उत्तरेस राफेन्सब्रुक येथे जर्मनांनी स्त्रियांकरिता छळछावणी उघडली होती. तेथे १९४१ च्या नोव्हेंबरात युझेफा कांतोर ह्या पोलिश वीरबालेने गुप्तपणे एक पथक बांधले. त्याचे नाव ‘मुरी’, म्हणजे भिंती. गणवेश नाही, झेंडा नाही, आणि उघडकीस आले तर मरण. तरीही संघ पाडले गेले, कामे वाटली गेली. आपल्या तुटपुंज्या भाकरीतला तुकडा आजाऱ्यास द्यावा, नव्याने आलेल्या घाबरलेल्या बायकांस धीर द्यावा, ही त्यांची कामे होती. पथकाची संख्या शंभरावर गेली. छावणी हा शब्द ह्या स्त्रियांनी दोन अर्थांनी अनुभवला, आणि पहिल्या छावणीत शिकलेले दुसरीत उपयोगी पडले.

त्याच राष्ट्राची आणखी काही मुले-माणसे तेव्हा कोल्हापूरजवळ वळिवडे येथे राहत होती. रशियाने सैबेरिया व कझाकस्तानात हाकलून दिलेले हे लोक इराणमार्गे येथे आले. १९४३ ते १९४८ ह्या काळात सुमारे पाच हजारांची ही वसाहत होती, आणि तीत बायका व मुलेच अधिक. कित्येक मुली पोरक्या झालेल्या होत्या. त्या वसाहतीत शाळा निघाल्या, प्रार्थनामंदिर उभे राहिले, आणि त्यांच्याबरोबरच बालवीरांची व वीरबालांची पोलिश पथकेही चालू झाली. घर, गाव आणि आईबाप हिरावले गेलेल्या मुलींस, सहा-सात जणींच्या संघात आज पाणी कोणी भरावयाचे हे तरी पुन्हा आपले आपण ठरविता येऊ लागले. १९४८ पर्यंत ही मंडळी निघून गेली. त्यांच्या मागे त्या जागी फाळणीमुळे निर्वासित झालेली सिंधी कुटुंबे आली, आणि आज त्या वस्तीस गांधीनगर म्हणतात.